बाभळीचं आडनाव

माणदेशात परका माणूस आला आणि ओढ्याकाठच्या एखाद्या काटेरी झाडाकडं बोट दाखवून त्यानं ‘हे काय?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा त्याला एकच उत्तर मिळतं, ‘बाभळ हाय.’ आटपाडी, माण, सांगोला या भागात पाऊस बेताचा आणि माती हलकी. इथं जे जगतं, ते बऱ्याचदा अंगावर काटे घेऊनच जगतं. त्यामुळं काटा दिसला की बाभूळ, हा हिशेब सोपा आहे. पण हा सोपा हिशेब आता महाग पडू लागला आहे.

गावोगावी तलाव, ओढे, नाले साफ करण्याची कामं निघतात. यंत्र येतं. ‘काटेरी झुडपं काढा’ एवढीच सूचना असते. काढायची असते ती बाहेरून आलेली, सगळं रान गिळत चाललेली चिलार. पण काम सांगणाऱ्याला आणि यंत्र चालवणाऱ्याला झाडांतला फरक ठाऊक नसेल, तर चिलारीबरोबर जुनी बाभूळ जाते, हिवर जातो, एखादी शमीही जाते. पुढच्या पावसात चिलार बुंध्यातून पुन्हा फुटते. जुनी बाभूळ सहसा तशी फुटत नाही. नाव चुकलं की कुऱ्हाडही चुकते, ती अशी.

म्हणून आज ओळखीबद्दल बोलायचं आहे. एकमेकांसारखी दिसणारी झाडं वेगळी कशी ओळखायची, नुसत्या डोळ्यांना किती कळतं, डोळा कुठं फसतो आणि जनुकांच्या तपासणीनं या ओळखीत काय भर घातली, हे पाहू. मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हे, माझा धंदा कवितेचा. पण कवितेचाही सगळा कारभार नावांवरच चालतो. चुकीच्या नावानं हाक मारली तर झाड काय आणि माणूस काय, ओ देत नाही.

आधी नावांचाच गुंता पाहा. आम्ही आटपाडीकडं ज्याला चिलार म्हणतो, त्याला दुसरीकडं वेडी बाभूळ किंवा विलायती बाभूळ म्हणतात. सह्याद्रीच्या घाटात चिल्हार म्हणतात ते तर निराळंच, पिवळ्या फुलांचं, वेलीसारखं चढणारं काटेरी झुडूप. शमीला कुठं सौंदड म्हणतात. बोलीतली नावं गोड असतात, पण दर वीस कोसांवर वेश बदलतात. म्हणून शास्त्रज्ञांनी साऱ्या जगासाठी दोन शब्दांचं एक नाव ठरवलं. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनाव. दुसरा जातीचा, म्हणजे पाळण्यातलं नाव. शाळेच्या हजेरीपटासारखं आडनाव आधी. इथं ‘जात’ हा शब्द आला म्हणून कुणी दचकू नये. या शास्त्राच्या हिशेबात जगातली सगळी माणसं एकाच जातीची आहेत.

आता डोळ्यांनी ओळखायला लागू. काटेरी झाडाचा काटाच आधी पाहावा.

काटा हा काही एकच अवयव नाही. पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दोन इवले भाग असतात, त्यांना उपपर्णं म्हणतात. बाभळीत हीच उपपर्णं कठीण होऊन काटे बनतात. म्हणून बाभळीचा काटा पानाच्या बुडाशी, जोडीनं, सरळ आणि पांढुरका असतो. हिवराचंही तसंच. बोरीचा काटाही उपपर्णाचाच, पण तिथं जोडीतला एक सरळ आणि एक वाकडा. बोरं काढणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. खैराचे काटेही जोडीनं येतात, मात्र ते आखूड, आकड्यासारखे वळलेले, सदरा धरून ठेवणारे. ते उपपर्णांचे नव्हेत, गुलाबाच्या काट्यासारखे सालीवरचे आहेत. शमीचे काटेही सालीवरचेच, पण ते जोडी करून बसत नाहीत. दोन पानांच्या मधल्या डहाळीवर ते विखुरलेले असतात. आणि चिलारीचा काटा पानाच्या बगलेतून निघतो, तो म्हणजे खुंटलेली डहाळीच. बोटाला टोचताना सगळे सारखेच, पण प्रत्येकाची निपज वेगळी.

काट्यानंतर फूल. आपण ज्याला बाभळीचं फूल म्हणतो, तो सोनेरी पिवळा गोंडा म्हणजे पुष्कळ बारीक फुलांचा मेळावा असतो. हिवराचेही गोंडेच, पण लहान, फिकट आणि फांदीच्या टोकाला मोठ्या तुऱ्यात आलेले. खैर, शमी आणि चिलार यांची फुलं गोल गोंड्यात येत नाहीत, लांबट मंजिरीत येतात. मंजिरीतलं एक बारीक फूल भिंगाखाली धरलं तर आणखी एक खूण सापडते. बाभळीच्या आणि खैराच्या फुलात पुंकेसर मोजता मोजता कंटाळा येईल इतके असतात. चिलारीच्या आणि शमीच्या फुलात ते मोजून दहा.

मग शेंग. बाभळीची शेंग राखाडी, लवदार आणि दोन बियांच्या मध्ये आवळलेली, माळेत मणी ओवावेत तशी. चिलारीची पिवळसर, गराची, गोड. खैराची चपटी, पातळ, तपकिरी. आणि शेवटी साल. बाभळीची काळपट, भेगाळलेली. हिवराची पांढुरकी, लांबूनही ओळखू येणारी.

मेंढपाळाला यातलं बरंच काही पुस्तकाशिवाय कळतं. त्याची कसोटी आणखी एक आहे, ती म्हणजे जनावराचं तोंड. बाभळीचा पाला आणि शेंगा शेरडं मेंढरं दोन्ही खातात. चिलारीच्या पाल्याला ती सहसा तोंड लावत नाहीत, शेंगा मात्र आवडीनं खातात. या शेंगांतलं टणक बी पोटात पचत नाही. ते लेंडीबरोबर, खतासकट, नव्या जागी जाऊन पडतं. चिलार पसरली ती अशी. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार बैलांचा बाजार भरतो. खिलार आणि चिलार यांचं यमक छान जुळतं, पण दोघांचं नातं काहीच नाही. बैलाच्या उपयोगाची ती बाभूळ. तिच्या लाकडानं पिढ्यान्‌पिढ्या औतं आणि गाड्यांची चाकं घडवली.

यमकाचं हे उदाहरण मुद्दाम दिलं. डोळा फसतो तो याच जागी, सारखेपणा दिसला की नातं गृहीत धरतो तिथं. बाभळीला आमच्या घरच्या दखनीत आणि उर्दूत बबूल म्हणतात. बाभूळ आणि बबूल हे खरे नातलग, एका मुळाचे शब्द. नाईल नदीच्या काठीही हेच झाड वाढतं आणि अरबीत त्याला ‘सन्त’ म्हणतात. आपल्या ‘संत’ या शब्दाशी त्याचं काही नातं नाही, फक्त ध्वनी जुळला. उलट मराठीतलं ‘चाक’ आणि इंग्रजीतलं ‘व्हील’ कानाला अगदी परके वाटतात, पण भाषाशास्त्रज्ञ सांगतात की ते एकाच आदिम शब्दाचे वंशज आहेत. सारखं दिसणं वेगळं आणि नातं असणं वेगळं. शब्दांचं जे, तेच झाडांचं. कोरड्या मुलखात पाणी वाचवायचं आणि चरणाऱ्या तोंडापासून जीव वाचवायचा, तर बारीक पर्णिका आणि काटे हा उपाय अनेक कुळांनी आपापल्या परीनं शोधला. संकट सारखं म्हणून उपाय सारखा, त्यात रक्ताचं नातं असेलच असं नाही.

बाभळीच्या बाबतीत ही फसगत दीडशे वर्षं चालली. १७५३ साली कार्ल लिनियसनं बाभळीला लाजाळूच्या आडनावाखाली घातलं होतं, मिमोसा निलोटिका. ‘निलोटिका’ म्हणजे नाईलकाठची. फिलिप मिलरनं १७५४ साली अकेशिया हे आडनाव वापरात आणलं आणि पुढं बाभूळ त्यात गेली. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर १९०१ ते १९०८ या काळात जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ती ‘अकेशिया अरेबिका’ या नावानं भेटते. हे आडनाव कुणाला लावायचं याचा नियम जॉर्ज बेंथम या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं १८४२ साली घालून दिला होता. फुलात पुंकेसर पुष्कळ असावेत आणि ते एकमेकांपासून सुटे असावेत. पुंकेसर बुडाशी जुळून नळी झाली असेल तर ती झाडं दुसऱ्या गटात, म्हणजे शिरीष, विलायती चिंच यांच्या घरात. नियम साधा आणि भिंगाखाली तपासता येणारा. त्या नियमानं बाभूळ, हिवर, खैर आणि ऑस्ट्रेलियातल्या शेकडो जाती एका छपराखाली आल्या. साऱ्या मिळून तेराशेच्या वर.

यातली एक ऑस्ट्रेलियन जात आपल्या ओळखीची आहे. सामाजिक वनीकरणात रस्त्याकडेला आणि माळावर लावलेली, लांब कोयत्यासारख्या पानांची ऑस्ट्रेलियन बाभूळ, म्हणजे अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस. तिला ना काटा, ना बारीक पर्णिका. मग ही कसली बाभूळ? गंमत अशी की ते पान खरं पान नव्हेच. तो पसरट झालेला देठ आहे. रोपवाटिकेत तिचं बी रुजताना पाहिलं तर पहिली एकदोन पानं बाभळीसारखी, बारीक पर्णिकांची येतात. मग देठ रुंद होतो आणि पर्णिका नाहीशा होतात. म्हणजे लहानपणी बाभळीची आठवण ठेवणारं आणि मोठेपणी ती विसरणारं हे झाड. मग ते बाभळीचं सख्खं की चुलत?

डोळसपणे पाहणाऱ्या काही अभ्यासकांना शंका आधीच आली होती. क्वीन्सलँडचे लेस्ली पेडली यांनी १९८६ साली असं मांडलं की हे एक घर नाही, तीन घरं आहेत आणि त्यांना तीन आडनावं हवीत. त्यांनी आधार घेतला होता तो झाडांच्या लक्षणांचा. निकाल मात्र लागला तो पुढं, डीएनएच्या तपासणीतून.

ही तपासणी काय करते, ते समजायला आपल्याकडच्या पोथ्यांचं उदाहरण बरं पडेल. छापखाना नव्हता तेव्हा ग्रंथ हातानं उतरून काढत. उतरताना चुका होत. एका लेखकाची चूक त्याच्या पोथीवरून उतरलेल्या प्रत्येक प्रतीत जाई. ज्ञानेश्वरीत असे पाठभेद फार झाले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. आज दहा पोथ्या समोर ठेवल्या तर अभ्यासक काय करतो? कोणत्या दोन पोथ्यांत तीच ती चूक आहे हे पाहतो आणि त्यावरून कोणती कुणावरून उतरली, कोणत्या दोघी बहिणी, हे ठरवतो. कागद जुना की नवा, अक्षर वळणदार की वेडंवाकडं, यावर तो नातं ठरवत नाही. बदलांचा वारसा पाहतो.

डीएनए ही अशीच पोथी आहे. तिची लिपी चार अक्षरांची. प्रत्येक पिढीत ती उतरली जाते आणि क्वचित एखादं अक्षर बदलतं. बदललेलं अक्षर पुढच्या पिढ्यांत तसंच जातं. दोन झाडांतला तोच तो मजकूर शेजारी ठेवला, समाईक बदल मोजले, की त्यांचा पूर्वज किती जवळचा याचा अंदाज येतो. काटा आणि पान हे पोथीचं अक्षरवळण, डीएनए हा मजकूर.

मजकूर वाचल्यावर उलगडलं ते असं. ऑस्ट्रेलियन बाभूळ ही आपल्या बाभळीची सख्खी नव्हे. पुंकेसर सुटे असले, तरी तिचे जवळचे नातलग शिरीष आणि विलायती चिंच यांच्या घरात आहेत. बेंथमनं ज्या खुणेवर भिंत बांधली होती, ती खूण नात्याची नव्हती. बाभूळ, हिवर, देवबाभूळ यांचं घर वेगळं. खैराचं आणखी वेगळं. एवढं कळल्यावर पुन्हा काट्याकडं पाहिलं की लक्षात येतं, खूण आपल्या बोटात पूर्वीच टोचत होती. बाभूळ आणि हिवर यांचे काटे उपपर्णांचे, सरळ. खैराचे सालीवरचे, आकड्यांचे. डीएनएनं डोळ्याला खोटं पाडलं नाही. कोणत्या खुणेवर विश्वास ठेवायचा, एवढं सांगितलं.

आता घरं तीन झाली, पण जुनं आडनाव एकच. ते कुणाला द्यायचं? नियमाप्रमाणं ज्या झाडावरून आडनाव पडलं, त्याचाच त्यावर हक्क. अकेशिया हे नाव पडलं ते बाभळीवरून. त्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी काट्याचं टोक आहे. पण ऑस्ट्रेलियन जाती हजाराच्या घरात आणि बाभळीचं घर साधारण एकशेसाठ जातींचं. हजार नावं बदलण्यापेक्षा एकशेसाठ बदला, असा प्रस्ताव आला. २००५ साली व्हिएन्ना इथल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत त्यावर कडाक्याचा वाद झाला. प्रस्तावाच्या विरोधात निम्म्याहून जास्त मतं पडली, पण तो फेटाळायला साठ टक्के मतं लागत होती, तेवढी पडली नाहीत. २०११ साली परिषद मेलबर्नला भरली आणि तिथं हा निर्णय कायम झाला. अकेशिया हे आडनाव आता एका ऑस्ट्रेलियन झाडावरून, अकेशिया पेनिनर्व्हिसवरून, ठरतं. जिच्यावरून ते पडलं, त्या बाभळीकडून मात्र ते गेलं.

बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका. हिवर व्हॅचेलिया ल्युकोफ्लिया. खैर सेनेगालिया कटेचू. व्हॅचेल हे मकावमधल्या इंग्रजी पेढीचे धर्मगुरू, चीनमधल्या वनस्पती गोळा करणारे. १८३४ साली रॉबर्ट वाइट आणि जॉर्ज आर्नॉट यांनी देवबाभळीसाठी त्यांच्या नावाचं आडनाव काढलं होतं. ते पुस्तकात पडून होतं आणि पावणेदोनशे वर्षांनी आपल्या बाभळीच्या वाट्याला आलं. माणदेशातलं झाड आज मकावच्या पाद्र्याचं आडनाव लावतं, हे ऐकून हसू येतं. पण मतदानानं फक्त नाव ठरलं, नातं नाही. नातं मतांवर ठरत नसतं.

शमीच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. शमी आणि चिलार ही दोन्ही झाडं आजवर एकाच आडनावाची होती. शमी प्रोसोपिस सिनेरारिया, चिलार प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. मंजिरी दोघींची, पुंकेसर दोघींचे दहा. पण आपण पाहिलं की काटे वेगळे. शमीचे सालीवर विखुरलेले, चिलारीचे पानाच्या बगलेतले. २०२२ साली डीएनएच्या आधारे कॉलिन ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे घरही वाटून दिलं. प्रोसोपिस हे नाव लिनियसनं १७६७ साली भारतातल्या शमीसाठीच दिलेलं. ते शमीकडं आणि पश्चिम आशियातल्या तिच्या मोजक्या नातलगांकडं राहिलं. अमेरिकेतून आलेल्या चिलारीला निराळं आडनाव मिळालं, नेल्टुमा. ती आता नेल्टुमा ज्युलिफ्लोरा. बाभळीला आपलं आडनाव परक्याला द्यावं लागलं, शमीनं आपलं राखलं. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो आणि जिला तलावातून उपटायला निघतो, त्या दोघी एका घरच्या नाहीत, हे आता निर्विवाद झालं.

चिलारीची गोष्ट इथं संपत नाही. ती भारतात आली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, वैराणावर हिरवळ आणि सरपण मिळावं म्हणून. जोधपूर संस्थानानं तर १९४० साली तिला राजवृक्ष ठरवलं होतं. पण जगभर ज्युलिफ्लोरा म्हणून जे लावलं गेलं, ते सगळं ज्युलिफ्लोराच होतं का? तिची एक जवळची बहीण आहे, पेरू आणि इक्वेडोरकडची, पॅलिडा नावाची. ती सरळ वाढणारी, गोड शेंगांची म्हणून नावाजलेली. दोघींची पानं इतकी सारखी, की तज्ज्ञांचीही गल्लत व्हायची. मग गुणसूत्रं मोजली. पॅलिडाच्या पेशीत २८ आणि ज्युलिफ्लोराच्या पेशीत ५६, बरोबर दुप्पट. ही मोजणी आता लवकर होते. पानाच्या पेशींतली केंद्रकं सुटी करून त्यांना चमकणारा रंग देतात आणि यंत्रातून सोडतात. डीएनए जितका जास्त, तितकी चमक जास्त. एकदा अशा रीतीनं दोघींची वाटणी झाली की पानांकडं परत वळता येतं आणि मग दिसतं, की ज्युलिफ्लोराच्या पर्णिका मोठ्या आणि विरळ, पॅलिडाच्या लहान आणि दाट. ब्राझीलच्या ईशान्य भागात ज्युलिफ्लोरा म्हणून लावलेली बरीच झाडं पॅलिडा निघाली ती यातूनच. शेंगांसाठी झाड लावायचं असेल, किंवा त्याला आवर घालायचा असेल, तर आपल्या हातात कोणती बहीण आहे हे आधी ठाऊक हवं.

आपल्या बाभळीचीही अशी एक परदेशी गोष्ट आहे. १८९० च्या दशकात ती क्वीन्सलँडला गेली, उघड्या माळावर मेंढरांना सावली आणि चारा मिळावा म्हणून. तिथं ती मातली. लाखो हेक्टर गवताळ राने तिनं काट्यांनी भरून टाकली. १९९९ साली ऑस्ट्रेलियानं राष्ट्रीय पातळीवर धोकादायक तणांची यादी केली, तीत आपली बाभूळ आहे. जी आपल्याकडं चिलार करते, तेच तिकडं आपली बाभूळ करते. कुठलंही झाड मुळात दुष्ट नसतं. त्याला आवरणारे किडे आणि रोग मागं मायदेशी राहतात, म्हणून ते सुटतं.

ते किडेच तिकडं न्यावेत म्हणून पाकिस्तान, केनिया, दक्षिण आफ्रिका इथं शोध झाला. आणलेल्या बहुतेक किड्यांनी काही जमवलं नाही. अडचण ओळखीची होती. केव येथील ब्रेनन यांनी १९८३ साली बाभळीच्या नऊ उपजाती मांडल्या होत्या, मुख्यतः शेंगांचा आकार, लव आणि झाडाची ठेवण पाहून. आपली माळेसारख्या शेंगांची नेहमीची बाभूळ ही त्यातली ‘इंडिका’. जिच्या फांद्या खोडालगत सरळ वर जातात आणि झाड उभ्या केरसुणीसारखं दिसतं, ती रामकाठी, वेगळी उपजात. आफ्रिकेतल्या आणखी वेगळ्या. एका उपजातीवर जगणारा किडा दुसरीला तोंड लावेलच असं नाही. २००५ साली डीएनएची तुलना प्रसिद्ध झाली आणि क्वीन्सलँडची बाभूळ ‘इंडिका’ आहे हे पक्कं झालं. तेव्हा शोध भारताकडं वळला आणि कोइमतूरच्या वन आनुवंशिकी आणि वृक्ष प्रजनन संस्थेच्या साहाय्यानं दक्षिणेतल्या बाभळींवर किड्यांची पाहणी सुरू झाली. नुसतं ‘बाभूळ’ एवढं नाव तिथं पुरलं नाही. कोणती बाभूळ, हे सांगावं लागलं.

मग जनुकांची तपासणी असताना डोळ्यांचं काम संपलं का? मुळीच नाही. २००९ साली वनस्पतींसाठी डीएनएमधले दोन छोटे मजकूर ओळखपत्र म्हणून सुचवले गेले. पण फार जवळच्या जातींत हे ओळखपत्र बऱ्याचदा सारखंच निघतं, कारण त्यांना वेगळं होऊन फार काळ लोटलेला नसतो आणि त्या तुकड्यात अक्षर बदललेलं नसतं. दुसरं म्हणजे, डीएनए स्वतः नाव सांगत नाही. तो फक्त म्हणतो, ‘हे पान त्या पानासारखं.’ त्या पानाचं नाव आधी कुणीतरी झाडाजवळ उभं राहून, फूल, शेंग, काटा पाहून ठरवलेलं लागतं. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे. तिथं वाळवून कागदावर लावलेले नमुने जपून ठेवलेले असतात. कुठं, कधी, कुणी तोडलं हे त्यांवर लिहिलेलं असतं. असा नमुना मागं नसेल, तर प्रयोगशाळेतला मजकूर म्हणजे पहिलं पान हरवलेली पोथी. वाचता येते, पण कुणाची ते कळत नाही.

म्हणून जाणकार माणूस दोन्ही साक्षी घेतो, डोळ्याची आणि जनुकाची. दोन्ही जुळल्या तर उत्तम. जुळल्या नाहीत, तर पुन्हा झाडाकडं जातो आणि आपण कोणती खूण नजरेआड केली ते शोधतो.

आपल्या गावाला प्रयोगशाळा लागत नाही. तिथलं भांडण मिटवायला काटा, फूल आणि शेंग पुरेशी आहेत. शाळेतल्या पोरांना एक दिवस ओढ्याकाठी न्यावं, मेंढरं राखणाऱ्या एखाद्या जुन्या माणसाला बरोबर घ्यावं आणि झाडागणिक विचारावं. काटा पानाच्या बुडाशी जोडीनं आहे की विखुरलेला? गोंडा गोल की मंजिरी लांब? शेंग माळेसारखी आवळलेली की सलग? ज्या झाडांवर सगळ्यांचं एकमत होईल, त्यातल्या राखायच्या झाडांना चुन्याचा पट्टा मारावा. ग्रामसभेत ‘काटेरी झुडपं काढणे’ असा ठराव लिहिण्याऐवजी ‘चिलार काढणे, बाभूळ, हिवर, शमी, बोर राखणे’ असा लिहावा. यंत्र त्यानंतर आणावं. वीसतीस वर्षांची बाभूळ पाडायला त्याला पाच मिनिटं पुरतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)